माया कोणी सोडायची?

पणजोबा घड्याळजी होते. चौकातील मनोऱ्यावरचे घड्याळ बिनचूक चालत असताना, ते याहूनही बिनचूक चालावे म्हणून त्यांनी ते उघडले, आणि पुढे कित्येक महिने त्या शहराची दुपार संध्याकाळी होत असे. आजोबा पाणीपुरवठ्याच्या पंपांवर मिस्त्री होते. पंपाचा आवाज त्यांना जरा खरखरीत वाटला म्हणून त्यांनी तो खोलला, आणि आवाज कायमचा थांबला. वडील छापखान्यात यंत्र चालवीत. यंत्राचा एक स्क्रू कशासाठी आहे हे कळेना म्हणून तो त्यांनी काढून खिशात ठेवला. कशासाठी होता, ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या सर्व वाचकांना कळले. चालती वस्तू चालू देणे म्हणजे आळस, असे मानणाऱ्या या घराण्यात चिरंजीवांचा जन्म झाला. त्यांच्या हाती संगणक पडला. संगणकातील वस्तू उघडायला पान्याचीही गरज लागत नाही, हे त्या घराण्याचे आणि जगाचे दुर्दैव.

चिरंजीवांनी ‘बेतणी’ नावाचे एक सॉफ्टवेअर लिहिले होते. त्यात माणसाची मापे भरावीत, त्या मापांचा कागदी नमुना छापून घ्यावा आणि तो कापडावर ठेवून कात्री चालवावी. सॉफ्टवेअर फुकट होते आणि मुक्तही होते. म्हणजे त्याचा कोड जगात कोणीही पाहावा, वापरावा, सुधारावा आणि मुख्यतः त्याला नावे ठेवावीत. गळ्याचे, बाही जोडायच्या मुंढ्याचे, कमरेचे वळण काढण्याचे काम मात्र बेतणी स्वतः करीत नसे. त्यासाठी ‘वळण’ नावाचा कोडचा एक स्वतंत्र तुकडा होता. तोही मुक्त, तोही जगभर वापरात, आणि त्याचे धनी होते चिरंजीवांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे भाऊजी.

ही सर्व मंडळी एकाच घरात राहत. वरच्या मजल्यावर चिरंजीव, खाली ताई आणि भाऊजी. रस्त्याकडच्या खोलीत ताईचे शिवणकामाचे दुकान, त्याला लागून मागच्या खोलीत भाऊजींचा संगणक. दोन्ही पुरुष एकाच टेबलावर जेवत. पण कोडविषयी एक अक्षर बोलत नसत. भाऊजींचा तसा दंडकच होता. मुक्त सॉफ्टवेअरचे निर्णय प्रकल्पाच्या जाहीर पानावर, सर्वांदेखत, लेखी झाले पाहिजेत. चार भिंतींत ठरलेले ते ठरलेलेच नव्हे.

“भाऊजी, ते तुमच्या वळणाच्या नव्या आवृत्तीत—”

“पानावर लिही.”

“पण मी समोर बसलोय!”

“जग समोर बसलेलं नाही. पानावर लिही. आणि ते मीठ सरकव इकडे.”

मग जेवण उरकून चिरंजीव वर जात, भाऊजी मागच्या खोलीत जात, आणि एका जिन्याच्या अंतरावरून पत्रव्यवहार सुरू होई. जेवताना ‘तू’ असलेले चिरंजीव पानावर ‘आपण’ होत. राग जितका अधिक, तितकी भाषा अधिक नम्र. ‘आपल्या सूचनेबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे’ हे वाक्य आले की ताई समजे, आज दोघेही रात्रभर जागले तरी बेहत्तर, माघार घेणार नाहीत.

वाद दोन होते. पहिला मायेचा. शिवण घालण्यासाठी कापडाच्या कडेला जे जास्तीचे कापड सोडतात त्याला शिंपीकामात माया म्हणतात. ती सोडली नाही, तर शिवण अंगाच्या मापात शिरते आणि कपडा आखडतो. ही अर्ध्या इंचाची माया पूर्वी वळण आपण होऊन सोडीत असे. पुढे एके दिवशी भाऊजींच्या मनाने घेतले की, वळणाचे काम वळण काढण्याचे. माया ज्याची त्याने सोडावी. चिरंजीवांचे म्हणणे, जो रेघ काढतो त्यानेच ती कोठे काढायची ते पाहावे. भाऊजींनी वळणाची नवी आवृत्ती मायेवाचून काढली. चिरंजीवांनी बेतणीत माया घातली नाही, ती नाहीच.

दुसरा वाद बिल्डचा. सॉफ्टवेअर शेकडो फाइलींत विखुरलेले असते. त्या गोळा करणारे, बाहेरचे तुकडे आणणारे आणि सगळे क्रमाने जुळवून चालते सॉफ्टवेअर हाती देणारे एक वेगळे साधन असते. त्याला ही मंडळी बिल्ड म्हणतात. बेतणीचा बिल्ड जुन्या पद्धतीचा होता, भाऊजींनी बसवून दिलेला. तो चालत होता. चिरंजीवांच्या दृष्टीने हीच त्याची खोट होती.

मंगळवारी सकाळी चिरंजीवांनी बाह्या सरसावल्या आणि नवा, चकचकीत, वेगवान बिल्ड बसवायला घेतला. जुन्या बिल्डच्या सूचना एकेक करून नव्यात उतरवताना त्यांना एक ओळ दिसली. ‘वळणाची जुनीच आवृत्ती घ्यावी. हात लावू नये.’ कारण दिलेले नव्हते. वास्तविक कारणे देण्यात भाऊजींनी कधी कंजुषी केली नव्हती. परंतु ‘आपल्या टिपा कोडपेक्षा लांब असतात’ अशी जाहीर तक्रार खुद्द चिरंजीवांनीच केल्यामुळे, ही एक टीप भाऊजींनी मनावर दगड ठेवून आटोपती घेतली होती.

“कारण न दिलेली ओळ म्हणजे अफवा,” असे म्हणून चिरंजीवांनी ती पुसून टाकली.

नव्या बिल्डने आज्ञाधारकपणे वळणाची सर्वांत नवी, मायेवाचूनची आवृत्ती आणून बसवली. चिरंजीवांनी चाचण्या चालवल्या. सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. त्या चाचण्या त्यांनीच लिहिलेल्या होत्या, आणि वळणाने दिलेले माप वळणाने दिलेल्या मापाइतके भरते की नाही, एवढेच त्या पाहत असत. ते भरले.

चिरंजीव जिन्याच्या तोंडाशी आले. “ताई! नवी बेतणी टाकून घे गं. निम्म्या वेळात नमुना छापते.”

“जुनी चांगली चाललीये की. कशाला उगाच?”

“अगं, एक बटण दाबायचंय फक्त!”

ताईला एरवी हे ऐकूही गेले नसते. पण त्या आठवड्यात तिला वेळेची खरोखरच टंचाई होती. इतकी वर्षे तिच्या दुकानात येत होत्या त्या बिघडलेल्या चेनी, उसवलेल्या कडा आणि धुऊन आटलेल्या विजारी. आणि आता प्रथमच एक मोठे काम आले होते: शहराच्या गायनवृंदासाठी तीस लांब झगे, गडद निळे, शनिवारी संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी. वृंदाच्या संचालिकाबाईंनी स्वच्छ सांगितले होते, “झगे चांगले झाले, तर पुढच्या वर्षभराचं नाट्यगृहाचं सगळं शिवण तुमच्याकडे. नाही झाले, तर आम्ही घरच्या कपड्यांत उभं राहून गाऊ, आणि मी तुमचं दुकान विसरून जाईन.” ताईला मोडक्या चेनीत उरलेले आयुष्य घालवायचे नव्हते. तिने बटण दाबले.

इकडे चिरंजीवांनी पानावर जाहीर केले की, बेतणीने आजपासून नव्या युगात प्रवेश केला आहे. मागच्या खोलीतून भाऊजींचे उत्तर आले. ‘आपल्या उत्साहाचे मनःपूर्वक कौतुक वाटते,’ अशी त्याची सुरुवात होती, यावरून प्रकरण किती चिघळले आहे ते लक्षात यावे. पहिल्या परिच्छेदात भाऊजींनी कौतुक केले. दुसऱ्यात जुन्या बिल्डचा इतिहास सांगितला. तिसऱ्यात कोणाच्याही संमतीवाचून बदल करणे शिष्टसंमत आहे काय, असा प्रश्न विचारला, आणि चौथ्या-पाचव्यात त्याचे उत्तर दिले. सहाव्या परिच्छेदात, जाता जाता, पुसलेल्या त्या ओळीमुळे आता छापल्या जाणाऱ्या प्रत्येक नमुन्यात माया नसेल, असे नमूद केले. सातव्यात पुन्हा इतिहास.

चिरंजीव तिसऱ्या परिच्छेदावरच पेटले आणि उत्तर लिहायला बसले. त्यांच्या उत्तराला भाऊजींचे प्रत्युत्तर गेले. मध्येच ‘ध्रुवअस्वल’ असे टोपणनाव घेतलेल्या, कोठल्याशा थंड मुलुखातील एका गृहस्थांनी दोघांनाही सौजन्य राखण्याची विनंती केली, तेव्हा दोघांनी मिळून त्यांना अत्यंत सौजन्याने गप्प बसवले. आणि हे सारे चालू असताना भिंतीपलीकडून कात्रीचा करकर आवाज सारखा येत होता. तो कानांवर घेत भाऊजी आठवा परिच्छेद लिहीत होते.

बुधवारी संध्याकाळपर्यंत कापड सगळे कापून झाले होते आणि पहिला झगा शिवून तयार होता. तो संचालिकाबाईंचाच. बाई भारदस्त होत्या, त्यांचा आवाज त्यांच्याहून भारदस्त होता. पडद्याआड जाऊन त्या झगा घालून आल्या, पण येताना दारातून जरा तिरप्याच आल्या.

“छान दिसतोय,” ताई म्हणाली, “पण बाई, खांदे जरा सैल सोडा.”

“सोडलेत.”

“मग श्वास घ्या मोकळा.”

“घेतलाय. तो आत शिरत नाहीये.”

“हात वर करून बघता का?”

संचालिकाबाईंनी वृंदाला खूण करतात तसे दोन्ही हात उचलले. ते खांद्याच्या उंचीपर्यंत आले आणि थांबले. बाई हार जाणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी डोळे मिटले, पोटातून एक वरचा सूर लावला, आणि त्याच सुरात डाव्या कुशीची शिवण काखेपासून कमरेपर्यंत उसवत गेली.

“सूर चांगला लागला,” बाई थंडपणे म्हणाल्या. “झग्याचं काय ते शनिवारी सकाळपर्यंत सांगा.”

त्या गेल्यावर ताईने टेप घेतली. झगा चार भागांचा, म्हणजे शिवणीच्या कडा आठ. प्रत्येक कडेला अर्धा इंच गायब. घेरात तब्बल चार इंच कमी. मग तिने कापलेल्या सगळ्या गठ्ठ्याला टेप लावली. तीसच्या तीस झगे त्याच चुकीचे बळी होते. तिने टेप गळ्यात टाकली, कापड बेतायची लाकडी पट्टी उचलली, छतावर दोनदा आपटली आणि मागच्या खोलीचे दार पायाने ढकलले.

“दोघेही इकडे या. आत्ता.”

दोघे येऊन टेबलाशी उभे राहिले.

“माया कुठे गेली?”

“वळणाने सोडली नाही,” चिरंजीव म्हणाले.

“बेतणीने सोडायची होती,” भाऊजी म्हणाले.

“माझ्या कापडावर कोणी सोडायची होती?”

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवले. मग भाऊजी जरा ताठ झाले. “मी स्पष्ट इशारा दिला होता.”

“कोणाला?”

“पानावर. सहाव्या परिच्छेदात.”

“अहो, मी या भिंतीच्या अलीकडे होते ना? कात्री ऐकू येत होती ना तुम्हाला?”

“येत होती.”

“मग एक हाक मारता येत नव्हती? ‘थांब’ म्हणायला किती परिच्छेद लागतात?”

भाऊजींनी निर्णयप्रक्रिया पारदर्शक असण्याविषयी काहीतरी म्हणायला तोंड उघडले, आणि पत्नीच्या हातातील पट्टीकडे पाहून मिटले. चिरंजीवांना हसू आले. ते फार काळ टिकले नाही.

“आणि तू रे? चालू होतं ना सगळं?”

“अगं, पण ते कसंबसं—”

“कसंबसं चालू होतं! माझे तीस झगे नीट शिवून झाले असते त्या कसंबसंवर!” ताई खुर्चीवर बसली. तिचा आवाज खाली आला, आणि ते पट्टीपेक्षा वाईट होते. “पहिलं मोठं काम होतं रे माझं. निळं कापड एक वीत उरलेलं नाही. शनिवारनंतर मी पुन्हा चेनी बदलत बसायची, आणि तुम्ही दोघं तुमच्या त्या पानावर आभार मानत बसा एकमेकांचे.”

भाऊजींनी विचारले, “काही करता येईल का?”

“अस्तराचं राखाडी कापड आहे भरपूर. दोन्ही कुशींत पट्ट्या घालता येतील, बाहीपासून खालपर्यंत. पण मुंढ्याखाली वळण आहे आणि तीस बायका-पुरुष तीस मापांचे. प्रत्येकाला कमी पडलंय नेमकं तेवढंच कापड, नेमक्या त्याच आकाराचं, तसा नमुना मला छापून पाहिजे. हाताने काढत बसले तर पुढच्या शनिवारी होईल.”

“सोपं आहे,” चिरंजीव म्हणाले. “मायेसकट आकार काढायचा, मायेवाचून काढायचा, दोन्हींतला फरक छापायचा. वळणाच्या दोन्ही आवृत्त्या एकाच वेळी चालवायच्या.”

“नवा बिल्ड एका तुकड्याच्या दोन आवृत्त्या चालू देतो?” भाऊजींनी अतिशय गोड आवाजात विचारले.

“...नाही.”

“जुना देत असे.”

“मग जुना परत आणायचा म्हणता?”

“मी काहीच म्हणत नाही. आपण पानावर प्रस्ताव मांडावा.”

“पानाचं नाव पुन्हा काढलंत ना,” ताई म्हणाली, “तर राखाडी कापड तुमच्या दोघांच्या अंगावर बेतीन.”

दंडक मोडला तो असा. भाऊजी आपला संगणक उचलून दुकानात घेऊन आले, चिरंजीव वरून आपला घेऊन आले, आणि कापडाच्या कपट्यांतून वाट काढून दोघे कोडसाठी प्रथमच एका टेबलाशी शेजारी बसले. चिरंजीवांच्या हट्टाखातर नव्याच बिल्डमध्ये दोन आवृत्त्या एकत्र नांदवण्याचा खटाटोप करण्यात बराच वेळ गेला. एक चालू केली की दुसरी पडे. अखेर भाऊजींनी कपाळ चोळले.

“माझ्याकडे एक जुनी सूचना पडून आहे. वळणासाठी कोणीतरी कोड लिहून पाठवला होता, पुष्कळ वर्षांपूर्वी. माया वेगळी काढण्याचंच काहीतरी होतं.”

“मग घेतला का नाहीत?”

“शेवटी लिहिलं होतं, ‘लवकर उत्तर द्यावे ही विनंती.’ मला घाई केलेली आवडत नाही.”

“उत्तर काय दिलंत?”

“अजून दिलेलं नाही.”

भाऊजींनी ती शोधून काढली. पाठवणाऱ्याचे टोपणनाव ‘आडवाउभा’, आणि त्यापुढे शिवताना बोटात घालतात त्या अंगुस्तानाचे चिमुकले चित्र. भाऊजींनी मोठ्याने वाचले: “‘एक, माया किती सोडायची हे वळणाने ठरवू नये आणि वळण वापरणाऱ्या सॉफ्टवेअरनेही ठरवू नये, ज्याच्या हातात कात्री आहे त्याला विचारावे. दोन, नुसती माया वेगळी काढून छापता यावी.’ पुढे आणखी दोन मागण्या आहेत. त्या नंतर पाहू.”

“कात्रीवाल्याला विचारावे!” चिरंजीव हसले. “कोणीतरी नवशिका दिसतो. असं प्रत्येकाला विचारत बसलं तर आपण कशाला आहोत?”

“पहिल्यांदाच आपलं एकमत झालं,” भाऊजी म्हणाले.

“शहाणा आहे तो,” ताई राखाडी कापडाची घडी उलगडत म्हणाली. “बसवा ते.”

जुना कोड आजच्या वळणात सहज बसेना. मधल्या काळात वळणाच्या खोल्याच इकडच्या तिकडे झाल्या होत्या. दोघे एकेक ओळ पाहू लागले. एकाने वाचायची, दुसऱ्याने जागा शोधायची. थोड्या वेळाने चिरंजीवांचे हसू मावळले. आणखी थोड्या वेळाने ते पुढे सरकून बसले.

“भाऊजी, हे मुंढ्याचं बघा. किती थोडक्यात काढलंय याने.”

“पाहतोय. मी तिथे दुप्पट ओळी घातल्या असत्या.”

“मी तिप्पट. लिहिणारा वेडा असेल, पण हात चांगला आहे.”

“विचार सरळ आहे,” भाऊजी म्हणाले. चष्मा काढून पुसत ते हळहळले. “असा एक माणूस तेव्हाच जोडीला मिळाला असता, तर मला इतकी वर्षं—” आणि शेजारी कोण बसले आहे हे आठवून त्यांनी वाक्य सोडून दिले. चिरंजीवांना राग आला नाही. त्यांच्याही मनात तेच आले होते.

कोड बसला. नमुना छापण्यापूर्वी पडद्यावर एक चौकट उघडली: ‘माया किती सोडायची?’

चिरंजीवांनी भाऊजींकडे पाहिले. भाऊजींनी चिरंजीवांकडे पाहिले. मग दोघांनी मिळून ताईकडे पाहिले.

“अर्धा इंच,” ताई म्हणाली. “आणि बघा, विचारलं तर कोणाची जीभ झडली नाही.”

पट्ट्यांचे नमुने सरसर छापून आले. गुरुवार-शुक्रवार दुकानात यंत्राची घरघर थांबली नाही. ताई शिवीत होती, भाऊजी नंबर पाहून पट्ट्या लावून देत होते, आणि चिरंजीव कच्च्या टाक्यांचे धावदोरे उसवून काढीत होते. चालू वस्तू उसवण्याचा वारसा त्यांच्यात होताच. प्रथमच तो कोणाच्या तरी उपयोगी पडत होता.

शनिवारी सकाळी संचालिकाबाई आल्या. त्यांनी झगा घातला, दारातून सरळ आल्या, आणि न सांगता दोन्ही हात वर केले. कुशीतील राखाडी पट्टी निळ्यातून डोकावली. बाईंनी आरशात पाहिले, हात खाली केले, पुन्हा वर केले.

“ही पट्टी आधी नव्हती.”

“नव्हती,” ताई म्हणाली. तिने खोटे सांगायचे नाही असे ठरवले होते. “आधीचा चुकला होता. दुरुस्त केलाय.”

बाईंनी श्वास घेतला. तो आत शिरला. इतका शिरला की बाहेर येताना त्याबरोबर असा सूर आला की रस्त्यावरून जाणारी दोन माणसे थांबली. शिवण जागची हलली नाही.

“पुढच्या महिन्यात नाटकाचे कपडे आहेत,” संचालिकाबाई म्हणाल्या. “मापं घ्यायला नाट्यगृहात या. आणि चेनी लावाव्या लागतील हं पुष्कळ.”

“लावीन की,” ताई म्हणाली. नव्या कपड्याला चेन लावण्याबद्दल तिची काहीच तक्रार नव्हती.

रात्री तीस जण एकदम हात उंचावून गायले आणि कोणाचेही काही उसवले नाही, हे त्या कार्यक्रमाचे सर्वांत मोठे यश. मात्र ते जाणणारी माणसे प्रेक्षकांत तीनच होती.

रविवारी जेवताना चिरंजीवांनी विषय काढला. “भाऊजी, त्या आडवाउभाला कळवलं पाहिजे. त्याच्या कोडवर तीस माणसं गायली.”

भाऊजींनी या वेळी पानाचे नाव काढले नाही. “नुसतं कळवून भागणार नाही. उत्तर देणं लागतो मी त्याचं. एवढी वर्षं थकलंय.” मग घसा साफ करून म्हणाले, “माझ्या मनात आहे, त्याला वळणात भागीदार म्हणून बोलवावं. तुझी हरकत नसेल तर.”

“हरकत कसली? बेतणीतही बोलवू. निदान एक तरी शहाणा माणूस असेल.”

“पत्ता आहे का त्याचा?” ताईने विचारले.

भाऊजींनी ताट बाजूला सारून टेबलावर संगणक उघडला आणि अंगुस्तानाच्या चित्रावर बोट टेकवले. त्या माणसाचे पान उघडले. पत्ता नव्हता; एक छायाचित्र होते. मिसरूड न फुटलेला एक विद्यार्थी, चेहऱ्यावर जगाला सुधारून सोडण्याचा निर्धार, अंगात चौकड्यांचा शर्ट, आणि शर्टाची डावी कॉलर उजवीपेक्षा बोटभर लांब.

“हा शर्ट मी शिवलाय,” ताई म्हणाली. “शिकत होते तेव्हा. कॉलर बघा ना!”

चिरंजीव पुढे वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले. त्या वयात त्यांनी अशा सूचना निम्म्या जगाला पाठवल्या होत्या, आणि टोपणनावे तर दर ऋतूला बदलली होती. हे त्यांना आता आठवू लागले.

“नवशिका,” भाऊजी गंभीरपणे म्हणाले.

“वेडा असेल, पण हात चांगला आहे,” ताई म्हणाली.

“म्हणजे, भाऊजी, माया कोणी सोडायची यावर मी तुमच्याशी एवढी वर्षं जे भांडलो—”

“त्याचं उत्तर त्याच्या आधीच तू मला लिहून पाठवलं होतंस. मी नीट वाचलं नाही आणि तू विसरलास.” भाऊजी उठले. “भागीदारीला तुझी हरकत नाही, असं तू सर्वांदेखत म्हणालास. नोंद झाली.”

त्या दुपारी भाऊजी मागच्या खोलीत गेले, चिरंजीव वर गेले, आणि पूर्वीच्याच शिरस्त्याप्रमाणे एका जिन्याच्या अंतरावरून जाहीर पानावर उत्तर आले. भाऊजींनी आजवर लिहिलेल्या उत्तरांत ते सर्वांत लहान होते.

‘महोदय,
आपल्या मागण्यांना क्रमवार उत्तर पुढीलप्रमाणे.
एक, माया किती सोडायची हे कात्री धरणाऱ्याला विचारावे: मान्य.
दोन, माया वेगळी छापता यावी: मान्य. छापली.
तीन, कोडमध्ये चुका असल्यास दाखवाव्यात: आढळल्या नाहीत.
चार, “शक्य झाल्यास आपली प्रत्यक्ष भेट व्हावी, अशी इच्छा आहे”: ही व्यवस्था आपल्या भगिनींनी माझ्याशी विवाह करून यापूर्वीच केलेली आहे.
उत्तरास विलंब झाला. आता मी आपले काही देणे लागत नाही.’